साक्षीचा दिवस कोणाच्या पदरांतून?

(साजगांव, तालुका खालापूर, येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)

आज आम्ही तुमच्यापुढें एका कागदाविषयीं बोलणार आहों. हा कागद घरीं आला म्हणजे चुलीपुढची बाई दचकते, म्हातारा चष्मा शोधूं लागतो, आणि घरधनी शेजाऱ्यास हळूच विचारतो, "यांत मला धरायचें तर नाहीं ना लिहिलें?" हा कागद म्हणजे कोर्टाचें समन्स. गुन्हा एकानें केलेला, फिर्याद दुसऱ्याची, आणि तारीख मात्र आपल्या नांवची. अमुक दिवशीं हजर व्हा आणि पाहिलें तें सांगा, एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्या एका दिवसापायीं भाताची कापणी अडते, वीटभट्टीवरचा रोज बुडतो, कारखान्यांतली पाळी चुकते, आणि घरांत तान्हें मूल असेल तर तें कोणाच्या ओटींत टाकावें हा प्रश्न पडतो. न्यायाचें काम चालावें म्हणून जो दिवस आपण देतों तो कोणाच्या पदरांतून जातो, आणि तो देतांना घर कसें सांभाळावें, हाच आजचा विषय आहे.

न्यायाच्या कामांत सामान्य माणसानें बसणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. शिवकाळांत आणि पेशवाईंत वतनाचे व शिवेचे तंटे गोतसभेपुढें येत. त्या सभेंत पाटील-कुळकर्णी असत, तसे गांवचे बलुतेदारही असत. निकालाचा जो महजर लिहीत, त्यावर पाटलाची निशाणी नांगराची असे, आणि बलुतेदारांच्या नांवांपुढें ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी असे. ज्याला अक्षर येत नव्हतें त्याचें हत्यारच त्याची सही होतें. त्या काळाचे गोडवे गावेत असें आम्ही म्हणत नाहीं. त्या सभेंत बाईला तोंड नव्हतें, आणि जातीची उतरंड बाहेर ठेवून कोणी आंत येत नसे. पण एवढें खरें कीं, नांगर धरणाऱ्याला आणि हातोडा मारणाऱ्याला निकालांत कांहीं वांटा होता.

पुढें इंग्रजी अमलांत ज्यूरी आली. १८९८ च्या फौजदारी कामकाजाच्या कायद्यानें, सेशन कोर्टाच्या हद्दींत राहणारा २१ ते ६० वर्षांचा पुरुष ज्यूरर किंवा असेसर म्हणून बोलावतां येई. ज्यूरर म्हणजे कौल देणारा. असेसर म्हणजे नुसतें मत सांगणारा. तें मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. हें वाचून वाटेल कीं, आतां कुणबीही न्यायासनाशेजारीं बसणार! परंतु यादी करतांना माणसाची लायकी पाहावी असें कायद्यांत होतें. आणि ज्यांना शाळेचें दार उशिरां उघडलें त्यांचीं नांवें अशा यादींत कितीशीं येणार? शिवाय कांहीं लोकांस या कामांतून माफी होती. वकील, वैद्यकी करणारे, टपाल व तार खात्यांतील नोकर, आणि आपापल्या धर्माचें उपाध्येपण करणारे, यांस बोलवावयाचें नाहीं. त्यांचा खोळंबा कायद्याला दिसला. शेतकऱ्याच्या आवणाचा खोळंबा मात्र माफीच्या यादींत कोठेंच नव्हता. त्याच सुमारास शेतकऱ्याची कोर्टांत काय गत होती? जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत कोर्टकचेऱ्यांत अडाणी शेतकरी कसा नागवला जातो तें मांडून ठेविलें आहे.

ज्यूरींत कोण बसतो याला किती मोल असतें, हें टिळकांच्या खटल्यांत उघड झालें. १८९७ सालीं नऊ ज्यूररांपैकीं सहा युरोपियनांनीं त्यांस दोषी म्हटलें, तिघां हिंदी ज्यूररांनीं निर्दोषी. १९०८ सालीं सात युरोपियनांनीं दोषी म्हटलें, दोघां पारशांनीं निर्दोषी. टिळकांच्या मतांशीं आमचें जमो वा न जमो; पंक्तींत कोणाला बसविलें यावरून वाढप कसें होतें हें त्यांतून शिकावें.

नंतर १९५९ सालीं मुंबईंत नौदलाचे अधिकारी नानावटी यांच्यावर खुनाचा खटला झाला. ज्यूरीनें ८ विरुद्ध १ मतानें त्यांस निर्दोषी ठरविलें. सेशन जज्जांस तो कौल पटला नाहीं. त्यांनीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. हायकोर्टानें जन्मठेप दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. पण ज्यूरी जाण्याची हवा त्याआधींच सुटली होती. असेसर १९५५ च्या दुरुस्तीनें गेले होते, आणि १९५८ सालीं लॉ कमिशननें ज्यूरी बंद करावी अशी शिफारस केली होती. १ एप्रिल १९७४ पासून अमलांत आलेल्या फौजदारी कायद्यांत तिला जागाच राहिली नाहीं. आज तिची एक खूण उरली आहे ती पारशी समाजांत. १९३६ च्या कायद्याप्रमाणें त्यांच्या घटस्फोटाच्या कामांत त्यांच्याच समाजाचे प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसतात. पूर्वीं सात असत, १९८८ च्या दुरुस्तीपासून पांच असतात.

मंडळी, ज्यूरी गेली, पण आपल्या दिवसाची गरज गेली नाहीं. आमचा कौल नको झाला. आमचा खाडा मात्र हवाच राहिला. तो तीन वाटांनीं लागतो: पंच म्हणून, पोलिसांपुढें जबाब देणारा म्हणून, आणि कोर्टांत साक्षीदार म्हणून.

आपल्याच तालुक्याचें पाहा. मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग आणि बोरघाट आपल्या उशाशीं आहे. ढेकू-साजगांवच्या बाजूला कारखाने आहेत. समजा, घाटांत मध्यरात्रीं दोन मोटारी आपटल्या आणि माणूस दगावला, किंवा कारखान्यांत कामगाराचा जीव गेला. प्रेताचा पंचनामा करण्यास त्या भागांतले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी लागतात, असें कायदा म्हणतो. रात्रीं दोन वाजतां प्रतिष्ठित कोण सांपडणार? सडकेवर चहाची टपरी लावणारा, पंक्चर काढणारा, पहांटेच्या पाळीला निघालेला मजूर. एरव्हीं आमची प्रतिष्ठा कोणी पुसत नाहीं. पंचनाम्याच्या वेळीं मात्र आम्ही प्रतिष्ठित होतों! सही होते, माणूस कामाला लागतो, आणि कांहीं वर्षांनीं, तो सारें विसरल्यावर, समन्स येतें.

आतां त्या दिवसाचा हिशेब मांडा. कोर्ट खालापुरास असेल तर ठीक. पण काम जिल्ह्याच्या कोर्टांत असेल तर खोपोलीहून पेण आणि पेणहून अलिबाग. पहांटे निघावें, दोन गाड्या बदलाव्या, अकरा वाजतां दाराशीं उभें राहावें, पुकाऱ्याची वाट पाहावी, आणि दुपारीं ऐकावें कीं आज आरोपीचे वकील आले नाहींत, पुढची तारीख घ्या. गाडीभाडें गेलें, रोज गेला, जेवण विकत घ्यावें लागलें. ही उघड खोट. झांकलेली खोट निराळीच आहे. घरधनी कोर्टांत गेला म्हणजे गुरांचें पाणी, शेताची राखण, म्हाताऱ्याचें औषध, पोरांची शाळा, सारें कारभारणीच्या अंगावर पडतें. तिच्या त्या दिवसाचा भत्ता कोणत्याच वहींत लिहीत नाहींत.

आणि तारखेला हंगाम कळत नाहीं. आषाढांत आवणाच्या वेळीं एक दिवस चुकला तर रोप जून होतें. कार्तिकांत कापलेलें भात खाचरांत पडलेलें असतें. त्याच दिवसांत आपल्या साजगांवच्या बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. सुक्या मासळीचें दुकान मांडणाऱ्या बाईची कमाई त्याच दिवसांवर असते. कातकरी बांधव तर दिवाळी झाली कीं वीटभट्ट्यांवर जातात. समन्स येतें कुलूप लावलेल्या झोपडीवर, आणि माणूस असतो दोन तालुके पलीकडे. कोर्टाच्या दफ्तरीं तो गैरहजर म्हणून लागतो, आणि मागून वारंट निघतें. जो साक्षीला हवा होता, तोच चोरासारखा धरून आणला जातो!

म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, "भानगडींत पडूं नये. पाहिलें तरी पाहिलें नाहीं म्हणावें." बंधूंनो, हें बोलणें आम्हांस समजतें, पण तें घरबुडवें आहे. साक्षीदार आला नाहीं तर सुटतो कोण? ज्याच्यापाशीं पैसा आहे, चांगला वकील आहे, वर्षानुवर्षें तारखा ओढण्याचा दम आहे, तो सुटतो. आणि हरतो कोण? जिची अब्रू गेली ती शेतमजुराची पोर, ज्याचा हात यंत्रांत गेला तो कामगार, ज्याचा बांध रात्रींतून सरकला तो कूळवाला. श्रीमंताला कागद साक्ष देतो. गरिबाला माणूसच साक्ष देतो. शेजाऱ्यानें तोंड फिरविलें तर गरिबाच्या फिर्यादीला दुसरा आधार राहत नाहीं. आज आपण शेजाऱ्यासाठीं गेलों नाहीं, तर उद्यां आपल्यासाठीं कोण जाईल?

दुसऱ्या बाजूलाही बोललें पाहिजे. कांहीं लोकांनीं साक्ष हाच धंदा केला आहे. ठाण्याच्या आसपास घुटमळायचें, कोठलाही पंचनामा असो, खालीं सही ठोकायची. कांहीं जण चार पैशांसाठीं पाहिलेलें गिळतात आणि न पाहिलेलें ओकतात. पुढाऱ्याचा डोळा पाहून साक्ष फिरवितात. फितूर साक्षीदार एका खटल्याचा घात करतोच, शिवाय साऱ्या गांवाच्या शब्दाची किंमत उतरवितो. ज्या गांवाचा शब्द कोर्टांत टिकत नाहीं, त्या गांवाच्या गरिबानें न्याय कोठें मागावा?

मग करावें काय? दिवस द्यावा, पण डोळे उघडे ठेवून द्यावा. कायद्यानें आपल्याला काय दिलें आहे तें आधीं माहीत करून घ्यावें. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्याच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आली आहे. तिच्यांतल्या कांहीं गोष्टी प्रत्येक घरांत तोंडपाठ असाव्या.

पहिली गोष्ट पंचाची. झडतीच्या वेळीं त्या भागांतले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावे लागतात. लेखी हुकूम हातीं दिल्यावर योग्य कारणावांचून नकार दिला तर तो गुन्हा होतो. म्हणून अरेरावीनें "येत नाहीं" म्हणूं नये. अडचण खरी असेल तर ती सांगावी, आणि हुकूम लेखी मागावा. पंचानें आपल्या डोळ्यांदेखत जें सांपडलें तेवढ्याचीच यादी झाली आहे कीं नाहीं तें पाहावें, वाचतां येत नसेल तर वाचून घ्यावें, आणि मगच सही करावी. कोऱ्या कागदावर सही म्हणजे दुसऱ्याच्या हातांत आपली जीभ देणें. झडतीचें आवाजासह चित्रण करणें आतां कायद्यानें सांगितलें आहे, हेंही ध्यानांत असावें. आणि मुख्य म्हणजे, झडतीचा पंच झालों म्हणून प्रत्येक तारखेला कोर्टांत धांवावें लागत नाहीं. कोर्टानें खास समन्स काढलें तरच जावें लागतें.

दुसरी गोष्ट जबाबाची. पोलिसांनीं साक्षीदारास बोलवायचें तर लेखी हुकूम लागतो. त्यांतही बाई असेल, १५ वर्षांखालचा मुलगा असेल, ६० वर्षांवरचा पुरुष असेल, अपंग किंवा फार आजारी माणूस असेल, तर त्यांस राहत्या ठिकाणाबाहेर येण्याची सक्ती करतां येत नाहीं. अंमलदारानें घरीं यावें. स्वखुशीनें कोणी ठाण्यावर गेलें तर ती गोष्ट वेगळी. आमच्या भगिनींनीं हें नीट ऐकावें. तुमच्या घरीं येऊन जबाब घेणें ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो कायदा आहे. तपासांत पोलिसांनीं जबाब लिहून घेतला तर त्यावर सांगणाऱ्याची सही घ्यावयाची नसते. सही पंचनाम्यावर असते, जबाबावर नाहीं. हा फरक पोरांनासुद्धां शिकवा.

तिसरी गोष्ट कोर्टाची. समन्स मिळून मुद्दाम न गेल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, वारंट निघूं शकतें. म्हणून समन्स चुलींत घालूं नये. परंतु साक्षीदार हजर असतांना, त्याची साक्ष न घेतां काम पुढें ढकलावयाचें तर न्यायाधीशानें खास कारणें लिहून ठेवावीं लागतात. तहकुबीचा खर्च मागणाऱ्या पक्षावर घालण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. फौजदारी कामांत, सरकारी नियमांस धरून, साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारनें द्यावा असा हुकूम कोर्टाला करतां येतो. दिवाणी दाव्यांत तर ज्याला साक्षीदार हवा त्यानेंच जाण्यायेण्याचा व एका दिवसाचा खर्च आधीं कोर्टांत भरावा लागतो. मात्र हीं कलमें आपोआप चालत येऊन हातांत पैसे ठेवीत नाहींत, मागणाऱ्यालाच मिळतात. साक्ष संपतांच, "साहेब, मी अमुक गांवाहून आलों, माझा भत्ता व हजेरीचा दाखला मिळावा," असें नम्रपणें आणि स्पष्ट म्हणावें. यांत भीक नाहीं.

चौथी गोष्ट भयाची. गांवगुंडाची किंवा आरोपीच्या माणसांची धमकी असेल तर गप्प बसूं नये. ५ डिसेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें साक्षीदार संरक्षणाची योजना साऱ्या देशाला लागू केली. तिच्याप्रमाणें जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करतां येतो. अर्ज कसा लिहावा हें कळत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावें. १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमाति, औद्योगिक कामगार, आपत्तींत सांपडलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक यांस तेथें फुकट मदत मिळते. आपल्यांतले बहुतेक लोक यांतल्या कोठल्या ना कोठल्या ओळींत बसतातच.

हें झालें कायद्याचें. आतां घराचें. समन्स आलें त्याच दिवशीं घरांत सर्वांनीं एकत्र बसावें. तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहावी. त्या दिवशीं आवण, कापणी, लग्न, बाळंतपण, परीक्षा असें कांहीं येत असेल तर तारखेची वाट न पाहतां आधींच कोर्टाला लेखी कळवावें. आजारपण असेल तर डॉक्टरचा दाखला जोडावा. आयत्या वेळीं न जाणें आणि आधीं कळवून तारीख मागणें, यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. अर्ज केला म्हणजे तारीख बदलेलच असें नाहीं. पण वारंटाचें भय कमी होतें आणि आपला प्रामाणिकपणा दफ्तरीं राहतो. साक्ष चित्रवाणीच्या साधनानें ठरलेल्या ठिकाणाहून घेण्याची वाटही नव्या कायद्यांत आहे. अलिबागेची वारी टळेल अशी सोय आपल्याजवळ आहे कां, हें सरकारी वकिलांस विचारून घ्यावें.

भट्टीवर किंवा परगांवीं जाणाऱ्यानें, कोठल्या खटल्यांत आपण पंच किंवा साक्षीदार असूं तर, जातांना पोलीस पाटलाजवळ आपला पत्ता व फोन ठेवून जावें. कारखान्यांतल्या बंधूंनीं समन्सची नक्कल आधींच कचेरींत द्यावी आणि परत आल्यावर कोर्टाचा हजेरी दाखला द्यावा. कामगार संघ करार करतात तेव्हां बोनसाबरोबर हेंही एक कलम मागावें कीं, साक्षीला गेलेल्याचा पगार कापूं नये.

आणि शेतकऱ्यांनीं सावड आठवावी. आज मी तुझ्या खाचरांत, उद्यां तूं माझ्या; ही रीत आपल्या हाडीं आहे. लग्नाला, मयताला आपण धांवतों, मग साक्षीला कां नाहीं? आळींतल्या चार घरांनीं ठरवावें कीं, ज्याची कोर्टाची तारीख त्याची कापणी इतरांनीं ओढून न्यावी, त्याची गुरें इतरांनीं सोडावीं, त्याच्या घरचें तान्हें मूल शेजारच्या वहिनीनें सांभाळावें. बाई साक्षीला जात असेल तर तिच्याबरोबर घरचें कोणी तरी जावें, आणि मागें चूल पुरुषानें पेटवावी. त्यानें त्याचा हात झिजत नाहीं. तसेंच, पंचाच्या कामासाठीं ग्रामसभेंत सर्व आळींतल्या खुशीच्या माणसांची पाळी लावून ती यादी पोलीस पाटलाजवळ द्यावी. अंमलदारावर तिचें बंधन नाहीं, पण त्याच त्या गरिबाला दर वेळीं ओढण्याचें आणि त्याच त्या रिकामटेकड्याला दर वेळीं पंच करण्याचें निमित्त तरी कमी होईल.

जगांत इतरत्र काय चालतें तेंही पाहूं. इंग्लंडांत अजून ज्यूरी आहे. तेथें मतदारयादींत नांव असलेल्या १८ ते ७५ वर्षांच्या माणसांतून चिठ्ठ्या निघतात. कॉमनवेल्थमधील नागरिकांस तेथें मताचा हक्क असल्यामुळें, पांच वर्षें तेथें राहिलेल्या आपल्या मराठी माणसालाही, हिंदी पासपोर्ट असतांना, हें बोलावणें येऊं शकतें. काम बहुधा दहा दिवसांचें असतें. बुडालेली मजुरी ठराविक मर्यादेपर्यंत सरकार भरून देतें, मूल सांभाळण्याच्या खर्चालाही हातभार लावतें. अडचण असेल तर बारा महिन्यांच्या आंत एकदां तारीख पुढें नेतां येते, आणि ज्यूरीला गेला म्हणून मालकाला नोकरीवरून काढतां येत नाहीं. अमेरिकेंत केंद्र सरकारच्या कोर्टांतील ज्यूररला रोज ५० डॉलर मिळतात. तेथेंही त्या कारणानें नोकरीवरून काढण्यास बंदी आहे. तेथेंसुद्धां लोक कुरकुरतातच. परंतु त्या सरकारांनीं एक गोष्ट मान्य केली आहे कीं, न्यायासाठीं घेतलेला दिवस फुकटचा नव्हे. त्या दिवसामागें एक पोट आहे, एक नोकरी आहे, एक घर आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही हें दिसलें नाहीं असें नाहीं. २००० सालीं पंजाबच्या एका खटल्यांत त्या न्यायालयानें साक्षीदाराची दैना स्पष्ट शब्दांत मांडली: त्याला बसायला जागा नसते, प्यायला पाणी नसतें, दिवसभर थांबवून परत पाठवितात, आणि खर्चही वेळेवर देत नाहींत. जें न्यायमूर्तींस दिसलें तें आपण मागायला कां लाजावें?

म्हणून आमचें मागणें असें. साक्षीदाराचा भत्ता निदान त्या भागांतल्या किमान मजुरीइतका असावा आणि तो त्याच दिवशीं, त्याच खिडकीवर, हातांत पडावा. शेतकऱ्याच्या साक्षीच्या तारखा नेमतांना आवण व कापणीचे दिवस टाळावेत. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टांत साक्षीदारांस बसायला सावली, पाणी आणि अंगावर पाजणाऱ्या आईला आडोसा असावा. साक्षीला गेलेल्याची मजुरी कापणाऱ्या मालकाला आळा घालणारें स्पष्ट कलम असावें. आणि २००८ च्या कायद्याप्रमाणें, जो २ ऑक्टोबर २००९ पासून अमलांत आहे, ग्रामन्यायालयें जागोजाग व्हावींत. त्या कायद्यांत न्यायाधीशानें गांवीं जाऊन काम चालविण्याची सोय आहे. दहा साक्षीदारांनीं दहा दिवस बुडविण्यापेक्षां एका न्यायाधीशानें एक दिवस गांवीं यावें, हा साधा हिशेब आहे. हें मागणें ग्रामसभेच्या ठरावांत लिहा, आमदाराच्या हातीं द्या, आणि मत मागायला येईल त्याला विचारा.

बंधुभगिनींनो, निकाल देण्याचा मान आपल्या हातून गेला; तो परत येईल कीं नाहीं हें आज सांगतां येत नाहीं. पण खरें सांगण्याचा मान कोणी काढून घेऊं शकत नाहीं, तो आपणच टाकला तर जातो. जुन्या महजरावर ज्यांच्या नांगराची, ज्यांच्या हत्याराची निशाणी उमटली, त्यांचीं आपण लेंकरें आहों. समन्स आलें तर घाबरूं नका, लपूं नका. घराची तजवीज करा, शेजाऱ्याला हांक मारा, वेळेवर जा, पाहिलें तेवढेंच सांगा, भत्ता मागून घ्या, आणि दाखला घेऊन घरीं या. आणि शेजाऱ्याची तारीख असेल त्या दिवशीं, न बोलावतां, विळा घेऊन त्याच्या खाचरांत उभे राहा.